मंडळानं नाल घ्यावा का?

जुगाराच्या अड्ड्यावर प्रत्येक डावामागे जागेचा मालक जो हिस्सा बाजूला काढतो त्याला नाल म्हणतात. खेळणारा हरो की जिंको, नालवाला हरत नाही. आमच्या मंडळापुढे आलेला प्रश्न शेवटी या एका शब्दावर येऊन थांबला, पण ते कळायला आम्हाला तीन बैठका आणि माझे दोनशे रुपये लागले.

मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडा मंडळाचा खजिनदार आहे. गावाचं, मंडळाचं, माणसांचं नाव लिहीत नाही. यातले सगळे जण रोज संध्याकाळी समोरासमोर येतात आणि मला अजून तिथंच राहायचं आहे.

मंडळ जुनं. आधी फक्त तालीम होती, नंतर कबड्डी आली आणि आता कबड्डीच मुख्य. रोज सुमारे ऐंशी मुलं मैदानावर येतात, त्यात अठ्ठावीस मुली. जागा नगरपालिकेची, क्रीडेच्या कारणासाठी भाडेपट्ट्यानं दिलेली. रस्त्याच्या अंगाला पालिकेच्या परवानगीनं बांधलेला एक गाळा आहे. तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, भाडं महिना ९,००० रुपये. दुकानदार म्हातारा झाला, मुलं पुण्याला गेली, गाळा रिकामा झाला. आमच्या वर्षाच्या जमेतला सगळ्यात मोठा आणि एकमेव खात्रीचा आकडा गेला. बाकी सभासद वर्गणी, गणपतीत जमलेलं थोडंफार आणि एखाद्या जिनिंगवाल्याची मर्जी.

त्याच वर्षी जिल्हा निवड चाचणीत आमची मुलं पहिल्या फेरीत हरली. आम्ही मातीवर तयारी करतो आणि सामने आता मॅटवर होतात. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट धरून ठेवतो. ज्याला ते माहीत नसतं तो वळताना तोंडावर पडतो. एका पोरानं मित्राचे एक नंबर मोठे बूट पुढे कापूस कोंबून घातले होते. परतीच्या एसटीत सगळ्यांचे गुडघे नि कोपरं सोललेली, एक जण पँट चिकटू नये म्हणून ती वर ओढून उभाच राहिला. मॅटच्या एक मीटर चौरस लादीचा भाव आम्हाला १,६०० रुपये सांगितला होता. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे १३० लाद्या, २,०८,००० रुपये. आमच्याकडे बँकेत तेव्हा ४१,००० होते.

अशा वेळी पार्टी आली.

पार्टी म्हणजे शेजारच्या तालुक्यात व्हिडिओ गेम पार्लर चालवणारा एक माणूस. बोलायला गोड, वागायला नम्र. आल्या आल्या मारुतीच्या तसबिरीला नमस्कार केला, नानांच्या पाया पडला. नाना आमचे अध्यक्ष, जुने पैलवान. त्याचं म्हणणं सरळ होतं. गाळा द्या. भाडं महिना ४०,०००. अकरा-अकरा महिन्यांचे करार, तीन वर्षं हलायचं नाही. आणि करार झाला त्या आठवड्यात संपूर्ण मॅट माझ्याकडून, खुशीनं. बदल्यात पाटीवर मंडळाचं नाव राहू द्यायचं. "परवाना करमणुकीचा आहे साहेब, सगळं कागदावर," असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी वहीत टिपलं. आणखी एक गोष्ट तो बोलून गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरलं. आता मोबाइलवर खेळणारी पोरं कुठंतरी जाणारच, हाच सीझन आहे.

पार्लरमधल्या मशीनवर पैसे लावून खेळतात हे सगळ्यांना कळत होतं, तरी पहिल्या बैठकीत जवळजवळ सगळे हो म्हणायच्या बेतात होते. सचिव जिभाऊ सगळ्यात पुढे. जिभाऊंना मी वाईट म्हणणार नाही. सोललेल्या गुडघ्यांना हळद लावणारा माणूस तोच. त्यांचं म्हणणं असं: सरकार स्वतः १९६९ पासून लॉटरी चालवतं, तिकिटं राजरोस विकली जातात. आपण मशीन चालवत नाही, गाळा भाड्यानं देतो. खेळणारे सज्ञान आहेत. आपण नाही दिला तर तो समोरचा गाळा घेईल, मशीन गावात येणारच, फक्त मॅट येणार नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "आखाजीले तू बी पत्ता खेळस ना रे भाऊ?"

खेळतो. खोटं कशाला बोलू? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पुरुष पत्ते खेळतात, पैसे लावून खेळतात. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचं साल तेव्हाच संपतं आणि नवं लागतं, हिशेब होऊन हातात रोकड असते. बायका माहेरी येऊन निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि पुरुष ओसरीवर डाव मांडून बसलेले असतात. माझे वडीलही बसायचे. त्यामुळे जुगार वाईट, विषय संपला, असं म्हणायचं तोंड माझ्याजवळ नव्हतं. मी एवढंच म्हणालो की पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, मी त्याचं चालू दुकान बघून येतो.

समितीतल्या बापूंचा मुलगा मेलबर्नला असतो. त्यानं व्हॉट्सअपवर लिहिलं होतं की ऑस्ट्रेलियात तर क्लबच मशीनवर उभे आहेत. हे खरं आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण जिभाऊंचा प्रस्ताव तिथं सत्तर वर्षं चालून बघितलेला आहे. न्यू साउथ वेल्स राज्यानं १९५६ मध्ये क्लबांना पोकर मशीन, म्हणजे पैसे टाकून खेळायची जुगाराची मशीन, ठेवायची परवानगी दिली. मशीनच्या पैशातून मैदानं झाली, स्वस्त जेवण मिळू लागलं, पोरांच्या टीमना जर्सी मिळाल्या. व्हिक्टोरियात १९९० नंतर मशीन आली आणि फुटबॉलचे मोठे क्लबही त्यात उतरले. वेस्टर्न ऑस्ट्रेलियानं मात्र पर्थच्या एका कॅसिनोबाहेर ती येऊच दिली नाहीत, आणि तिथंही लोक फुटबॉल खेळतातच. २०१० मध्ये तिथल्या सरकारच्या उत्पादकता आयोगानं मोठा अहवाल दिला. त्यांचा अंदाज असा की मशीनवर जाणाऱ्या एकूण पैशातला सुमारे ४० टक्के पैसा ज्यांना जुगाराचं व्यसन जडलंय अशा थोड्या लोकांच्या खिशातून येतो. म्हणजे गावातल्या हजार माणसांनी दहा-दहा रुपये टाकून मॅट आली, असं ते नसतं. दहा-वीस घरं पोखरून ती आलेली असते. नॉर्थ मेलबर्न हा क्लब २००८ मध्ये मशीनमधून बाहेर पडला, पुढे कॉलिंगवुडसारखा श्रीमंत क्लबही बाहेर पडला.

न्यूझीलंडमध्ये कॅसिनोबाहेरच्या मशीनच्या कमाईतला किमान ४० टक्के भाग समाजकार्याला द्यावा लागतो आणि खेळाचे क्लब त्यासाठी अर्ज करतात. योगायोगानं आकडा तोच. नॉर्वेत तर रेड क्रॉसपासून क्रीडा संघटनांपर्यंत सगळ्यांना मशीनचा पैसा जात होता. तरी तिथं १ जुलै २००७ पासून जुनी मशीन सरसकट बंद झाली. अशा पैशाची सवय लागलेल्या चांगल्या संस्था मशीनच्या बाजूनं वकिली करायला लागतात. मला भीती याचीच होती. तीन वर्षांनी गाळा बंद करा म्हणून गावातल्या बायका आल्या असत्या, तर दारात आडवे उभे राहिलेलो आम्हीच असतो.

तर मी शेजारच्या तालुक्याला गेलो. दुपारची तीनची वेळ, कापसाची आवक चालू. गाळ्याला हिरवा जाड पडदा, आत एसी. बारा मशीन. काउंटरवर विशीतला पोरगा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पुढ्यात शाळकरी वही. दोनशे रुपये दिले, त्यानं मशीनच्या बाजूला किल्ली फिरवली, पडद्यावर २०० पॉइंट आले. दहाचा डाव. बटण दाबायचं, फळं नि घंटा फिरतात, थांबतात. घड्याळ लावून मोजलं, साधारण सहा सेकंदांत एक डाव. मध्ये एकदा ३१० पर्यंत गेलो आणि छातीत जे काही झालं ते मी लिहून ठेवलंय, पण इथं सांगत नाही. तेवीस मिनिटांत शून्य.

बाहेर येऊन रसवंतीवर बसलो आणि पावतीच्या मागं हिशेब केला. मिनिटाला दहा डाव, तेवीस मिनिटांत दोनशे तीस. म्हणजे खिशातून गेले दोनशे, पण लावले होते २,३००. जिंकलेलं पुन्हा लावलं, पुन्हा जिंकलेलं पुन्हा लावलं. समजा मशीन शंभरातले नव्वद परत देतं. ऐकायला किती उदार वाटतं! पण तासाला सहाशे डाव, दहाच्या डावाला ६,००० रुपये फिरतात आणि त्यातले ६०० मशीन ठेवून घेतं. हमालाची दिवसाची मजुरी तासाभरात संपते आणि त्याला वाटत राहतं की आपण तर जिंकत होतो. माझ्या एका बैठकीवरून मशीनचा टक्का सिद्ध होत नाही, ते सेटिंग मालकाच्या हातात असतं. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

आणखी एक गोष्ट तिथं बसल्यावर लक्षात आली, आणि जिभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. बारा मशीनवर नऊ माणसं होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेला एक जण जिंकला, मशीन वाजलं, शेजारच्यानं मान वळवली नाही. आखाजीच्या ओसरीवर एक पान पडलं की सात जण बोलतात, हरलेल्याची टर उडते, आजी आतून ओरडते. दोन-तीन दिवसांत सण संपतो, पत्ते फळीवर जातात. आणि हरलेला पैसा चुलतभावाकडे गेलेला असतो. पुढच्या वर्षी तो परत काढायचा असतो. ओसरीवाला नाल घेत नाही, उलट चहा त्याचाच असतो. (काही ओसऱ्यांवर नाल निघतो, तेही मला माहीत आहे. त्या ओसऱ्या वर्षभर चालतात.)

दुसऱ्या बैठकीला मी आप्पांना बोलावलं. आप्पा निवृत्त वकील, कानानं कमी ऐकतात म्हणून मोठ्यानं बोलतात, त्यामुळे मैदानावरच्या पोरांनीही सगळं ऐकलं. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं.

आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्याचं चौथं कलम फक्त अड्डा चालवणाऱ्याला धरत नाही. जाणूनबुजून आपली जागा त्यासाठी वापरू देणारा मालक किंवा ताबेदारही त्यात येतो. तेव्हा "आम्ही फक्त भाडं घेतो" हे वाक्य कोर्टात तोंडातून काढू नका. कॅसिनोसाठी महाराष्ट्रानं १९७६ मध्ये एक कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. जुगार हा घटनेनं संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच सांगितलंय. व्हिडिओ गेमच्या मशीनबाबत १९९५ मध्ये त्याच न्यायालयानं परवान्याची सक्ती योग्य ठरवली. पण पडद्यावरच्या पॉइंटचे रोख पैसे हातात द्यायचे, ही गोष्ट करमणुकीच्या परवान्यात बसत नाही.

जिभाऊंनी विचारलं, मग क्लबांत रमी कशी चालते? आप्पा खूश झाले. हा त्यांच्या आवडीचा विषय. सिकंदराबादच्या एका क्लबचा खटला १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालय म्हणालं, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पानं लक्षात ठेवावी लागतात, क्लबनं जागेचे नि पत्त्यांचे थोडे पैसे घेतले म्हणून तो अड्डा होत नाही. पण त्याच निकालात पुढे आहे की क्लब किंवा घरमालक पैसे लावून चाललेल्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. "रमी सोडली," आप्पा टेबलावर बोट आपटत म्हणाले, "नाल नाही सोडला!"

तिथून आमच्या चर्चेला तो शब्द मिळाला. मी वही उघडली. गाळ्याचं भाडं बाजारभावानं ९,०००, फार तर १२,०००. पार्टी देतेय ४०,०००. वरचे अठ्ठावीस-एकतीस हजार कशाचे? विटा त्याच, शटर तेच. ते पैसे पाटीवरच्या आमच्या नावाचे होते, म्हणजे पोलीस आणि आया दोघांनाही निश्चिंत करणाऱ्या नावाचे. आणि रोज त्या दारावरून जाणाऱ्या ऐंशी पोरांचे. भाडं आणि नाल यातला फरक मला वजाबाकीत सापडला.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पटकन उरकतो. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे. न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायची तर १९५० च्या कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. अकरा-अकरा महिन्यांचे करार त्या मर्यादेच्या आतच राहत होते. पालिकेच्या भाडेपट्ट्यात क्रीडेचं कारण लिहिलेलं आहे. शर्तभंग निघाला तर गाळा राहू द्या, मैदानच जायचं. आणि हे सगळं बघताना माझ्या हाताला एक जुनी फाईल लागली: सात-आठ वर्षांपूर्वी आम्हीच छापलेली लकी ड्रॉची कुपनं, पहिलं बक्षीस मोटारसायकल. सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या २९७ व्या कलमाचा गुन्हा आहे, तेव्हाच्या दंड संहितेतही होता. मी ती फाईल बैठकीत ठेवली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग नाना म्हणाले, चहा सांगा.

खरं सांगायचं तर इतक्या कायद्यानंही मतं फिरली नव्हती. गावात कायदा मोडून चाललेल्या दहा गोष्टी प्रत्येकाला माहीत असतात. फिरवली ती ताईंनी, आणि दोन वाक्यांत. ताई मुलींच्या टीमला शिकवतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, "मैदानाचं दार आणि गाळ्याचं दार एकाच पायरीवर आहे. त्या पायरीवर पुरुष बिड्या ओढत उभे राहिले की दुसऱ्या दिवसापासून माझ्या अठ्ठावीसपैकी चार पोरी येतील, आणि त्या चारही माझ्या नात्यातल्या असतील." कुणाला उत्तर नव्हतं. ज्या मॅटसाठी हे चाललं होतं तिच्यावर खेळणाऱ्या पोरींचा हिशेब आम्ही आठ पुरुषांनी धरलाच नव्हता.

तरी मतदान झालं. नऊ जणांची समिती. चार विरुद्ध चार, नानांनी हात वर केलाच नाही. त्यांनी पार्टीला तिसऱ्या बैठकीला बोलावलं आणि म्हणाले, गाळा देतो, एक कलम घाल. "पॉइंटचे पैसे कोणालाही, कोणत्याही रूपात परत दिले जाणार नाहीत." करमणूक आहे ना? मग करमणूक होऊ दे.

पार्टी आधी हसली. नाना हसत नाहीत म्हटल्यावर हसू गेलं. इतका वेळ छान शुद्ध बोलणारा माणूस आपल्या बोलीवर आला: "नाना, मंग कोन येई तठे?"

ते उत्तर इतिवृत्तात शब्दशः आहे. जिभाऊंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय.

नंतरचं चांगलं-वाईट दोन्ही सांगतो. पार्लर स्टँडजवळ निघालं आणि चालू आहे. जिभाऊंचं भाकीत खरं ठरलं. आमच्या सीनियर टीममधले दोघं तिथं दिसतात; त्यातला एक आमचा सर्वात चांगला रेडर होता, आता आठवड्यातून दोनदाच मैदानावर येतो. मी त्याच्या वडिलांशी बोललो. ते म्हणाले, पोरगं ऐकत नाही. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मग मला कळलं की हिरव्या पडद्याआड त्या घरातले दोघं जातात.

गाळा बी-बियाण्यांच्या दुकानाला ११,००० नं गेला. मॅटसाठी आम्ही लादीमागे एक घर अशी वर्गणी काढली. १,६०० रुपये, नाव फक्त लादीच्या खालच्या बाजूला मार्करनं, वर काही नाही. नावाचा हट्ट धरून दोन पुढारी फिरकले नाहीत. १३० चं लक्ष्य होतं, उन्हाळा संपेपर्यंत ६८ झाल्या. मी वैतागलो होतो, पण ताईंनी मोजून दाखवलं की मैदानाची एक बाजू साडेसहा बाय दहा, म्हणजे पासष्ट लाद्या. रेडर चढाई करतो ती अर्ध्यावरच ना? मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर बॉकलाइन, म्हणजे रेडरनं ओलांडायचीच ती रेषा, पुढं एक मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा, सगळं एका अर्ध्यात बसतं. बचावाचा सराव पूर्ण होतो.

तेव्हा सध्या आमचं मैदान अर्धं निळं आणि अर्धं मातीचं आहे. रेडर मातीतून धावत येतो, मध्यरेषेवर ताईंनी एक ओलं गोणपाट टाकलंय, त्यावर पाय पुसतो, आणि मग 'कबड्डी कबड्डी' म्हणत आत जातो. पुसायला विसरला तर पंच नसताना सगळ्या पोरी एकदम ओरडतात, आऊट.